खरवडलेल्या नावाची बिंदगी

मित्रांनो, माझ्या पोटावर एक खरवडलेली जागा आहे. तीन बोटं ठेवली तर झाकून जाईल एवढीच. बाकी मी पितळेची, गोल पोटाची, काठाला पोचा आलेली एक साधी बिंदगी आहे. बिंदगी म्हणजे लहान घागर, बाईमाणसाला सहज कडेवर घेता येते अशी. आता जुनी झाले आहे आणि एका गोठ्यात खुंटीला पालथी टांगलेली आहे. गुरांशिवाय माझ्याकडे कोणी बघत नाही. तुम्ही बघताय, म्हणून सांगते.

मी उदगीरच्या बाजारातली. पितळेच्या पत्र्यावर हातोडीचे घाव बसून बसून माझं पोट गोल झालं. एकाच कारागिराच्या हाताखालून आम्ही पुष्कळ जणी निघालो, सगळ्या अगदी एकसारख्या. त्यातली एक आमच्याच गावच्या केवळाबाईंनी नेली होती. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

मला घेतलं भीमानं. भीमा सटवाजी हा गावच्या बौद्धवाड्यातला मजूर. गाव उदगीरच्या पुढे, कर्नाटकाच्या शिवेला लागून. छप्पन्न साली त्याच्या बापानं धर्म बदलला होता, पण घरात पाण्याला अजून मडकीच होती. पितळेचं पहिलं भांडं मी. दुकानाबाहेर भांड्यावर नाव घालून देणारा बसायचा. तुम्हाला माहीत असेल, लग्नाकार्याला भांडी एकमेकांच्या घरी जातात आणि परत येतात ती नावावरून. बिननावाचं भांडं ज्याच्या घरी राहिलं, त्याचंच होऊन बसतं. भीमा त्या माणसासमोर उकिडवा बसला. छिन्नी टिकटिक चालली होती आणि तो श्वास रोखून बघत होता.

भीमाला वाचता येत नव्हतं. नाव घालून झाल्यावर त्यानं मला एका दुकानदाराला दाखवलं, मग बसच्या कंडक्टरला, मग शाळेच्या एका पोराला. "बाबा, इथं काय लिव्हलंय?" सगळ्यांनी 'भीमा सटवाजी' असंच वाचलं, तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला. इथं भांडं मीच होते, म्हणून मला ते चांगलं आठवतं.

घरी त्याची बायको धुरपताबाई आणि लेक सिंधु. धुरपताबाई मला चिंच आणि राख लावून अशी घासायची की तिला माझ्यात तिचंच तोंड दिसायचं. एकदा सिंधुच्या हातून मी उंबऱ्यावर पडले आणि काठाला पोचा आला. पोरगी घाबरून रडायला लागली. भीमा म्हणाला, "राहू दे. आपली हाय म्हणून वळखायला बरी." ते माझे सुखाचे दिवस होते. सुख म्हणजे काय, तर रोज भरणं आणि रोज रिकामं होणं.

मग बहात्तर सालचा दुष्काळ आला. गावची सार्वजनिक विहीर आटली, बौद्धवाड्याचा आड तर आधीच कोरडा पडला होता. पाणी उरलं ते एकट्या शेषेरावांच्या मळ्यातल्या विहिरीला. शेषेराव म्हणजे केवळाबाईंचे यजमान, गावातले मोठे जमीनदार. त्यांनी पाणी कुणाला नाही म्हटलं नाही. पण बौद्धवाड्यातल्या बायांनी काठावर यायचं नाही. खालच्या दगडावर आपापलं भांडं ठेवायचं, चार हात मागं सरायचं आणि केवळाबाईंनी वरून ओतलं की उचलून न्यायचं. अशी रीत होती आणि ती कुणी मोडत नव्हतं.

उन्हाळ्यात त्याही विहिरीचं पाणी तळाला गेलं. गाळ काढल्याशिवाय झरे मोकळे होणार नव्हते. आता गाळ काढायला विहिरीत उतरायचं कुणी? तर बौद्धवाड्यातल्या गड्यांनी. मित्रांनो, मी नुसतं भांडं आहे, मला जास्त कळत नाही. पण ज्याच्या हाताच्या पोहऱ्यानं विहीर बाटते, तो माणूस तिच्यात पायांनी उतरून, कमरेपर्यंत चिखलात उभा राहून तिला साफ करतो, तेव्हा ती बाटत नाही, हा हिशेब मला आजवर लागलेला नाही. काम झालं की नारळ फोडायचा, गोमूत्र शिंपडायचं, झालं.

वरच्या माठाला गड्यांनी हात लावलेला चालत नव्हता, म्हणून भीमा स्वतःचं पाणी घेऊन उतरला. ते माझ्यात होतं. त्यानं मला कपारीत ठेवलं. दुपारपर्यंत टोपल्या वर जात होत्या. मग बाजूच्या कोरड्या पडलेल्या बांधकामातला एक दगड सुटला आणि त्याच्यामागं सगळी बाजूच खाली आली. भीमानं वर बघितलं एवढं मला दिसलं. पुढचं सांगवत नाही.

त्याला बाहेर काढलं. मी गाळातच राहिले. वर पंचनामा झाला, अपघात म्हणून लिहिलं गेलं. पण गावाला पाणी तर लागणारच. थोड्याच दिवसांत काम पुन्हा सुरू झालं आणि गाळाच्या एका टोपलीतून मी वर आले, चिखलानं माखलेली, अक्षरं बुजलेली.

केवळाबाई काठावरच होत्या. मला बघून त्यांचं तोंड उजळलं. "अगं माय, ही तर आपली बिंदगी. पंचफुला रांगत हुती तवा दोर तुटून पडलेली. विहिरीनं दिली बघा परत." पंचफुला म्हणजे त्यांची मुलगी, सिंधुच्याच वर्गातली. केवळाबाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांची बिंदगी खरंच त्या विहिरीत पडली होती, ती दिसायलाही माझ्यासारखीच होती आणि वाचता येत नसल्यानं माझ्यावरची अक्षरं त्यांना आपल्याच यजमानांच्या नावाची वाटली. त्यांनी मला घासलं, हळदकुंकू लावलं आणि घरात पाण्याच्या घडवंचीवर ठेवलं. देवाच्या आंघोळीचं पाणी माझ्यातूनच जायला लागलं.

खरं सांगू, मला तिथं काही कमी नव्हतं. तरी मन लागत नव्हतं. घरातलं कुणी भीमाचं नाव काढत नव्हतं आणि माझ्या पोटावर ते नाव होतं.

त्या साली पावसाळाही कोरडाच गेला. पाणी ओतायला केवळाबाई मलाच विहिरीवर नेत. एक दिवस खालच्या दगडापाशी धुरपताबाई आली, मातीची घागर घेऊन. पांढऱ्या कपाळानं चार हात मागं सरून उभी राहिली. केवळाबाईंनी मला उंच धरलं आणि वाकडं केलं. माझ्यातलं पाणी वरून तिच्या मडक्यात पडायला लागलं. तेवढ्यात तिची नजर माझ्या काठावरच्या पोच्यावर गेली. तिनं मला लगेच ओळखलं. तिनं मडकं उचललं आणि गेली. दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्याही. तिच्याच नवऱ्याच्या बिंदगीतून तिला रोज वरून पाणी मिळत होतं. त्या दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की आपण फुटण्यासारख्या मातीच्या असतो तर बरं झालं असतं.

मग एकदा तिच्याबरोबर सिंधु आली. केवळाबाई पोहरा ओढायला वळल्या होत्या, मी काठावर होते. सिंधु दोन पावलं पुढं सरकली, तिनं माझ्यावरची अक्षरं वाचली आणि म्हणाली, "आई, ही आपली..." धुरपताबाईनं तिचा दंड धरून मागं ओढलं.

"गप."

"बाबाचं नाव हाय तिच्यावर."

"म्हणूनच गप. सहा म्हयने झालं समदी देवाला त्यातनं पाणी घालायलेत. कळलं तर म्हंतील, मुद्दाम बाटवलं. आपल्या एकट्याचं न्हाई, समद्या वाड्याचं पाणी बंद हुईल. बिंदगी पिऊन जगतीस का?"

सिंधु मागं सरली. पण जाताना तिनं मागं वळून माझ्याकडं असं बघितलं की मला कळलं, ही पोरगी मला इथं ठेवणार नाही.

आता शाळेचं सांगते. गावच्या शाळेत गुंडप्पा मास्तर इंग्रजी शिकवत. घरी कन्नड बोलणारे, मराठी आमच्यासारखंच. त्यांना पुस्तकातली उदाहरणं आवडत नसत. 'माझं-तुझं' शिकवायचं म्हणून त्यांनी मुलांना सांगितलं, घरून एकेक वस्तू घेऊन या. कुणी विळा आणला, कुणी चाबूक, कुणी आजीचा अडकित्ता. पंचफुलानं मला आणलं. सिंधु रिकाम्या हातानं आली होती.

मास्तर म्हणाले, "ध्यान देऊन ऐका. 'माय' एकटं उभं राहत न्हाई, त्याला पुढं वस्तू पाहिजे. माय बुक, माय बिंदगी. अन् 'माइन' एकटंच उभं राहतं. त्याच्यापुढं वस्तू लावली तर छडी बसंल. धिस इज माय बुक. धिस बुक इज माइन. आमच्या कन्नडात नंदु, तुमच्यात माझं." मग त्यांनी फळ्यावर जोड्या लिहिल्या. युवर आणि युवर्स, हर आणि हर्स, अवर आणि अवर्स, देअर आणि देअर्स. हिज मात्र दोन्हीकडं हिजच. "अन् हर्सच्या, अवर्सच्या एसआधी ती वरची शेपटी, अपॉस्ट्रॉफी, द्यायची न्हाई. पुष्कळ शिकलेली माणसं देतात. आपण द्यायची न्हाई." मी पंचफुलाच्या मांडीवर बसून सगळं शिकले. तुम्ही मला आजही विचारा, मी चुकणार नाही.

पंचफुला उभी राहिली. "धिस इज अवर बिंदगी. धिस बिंदगी इज अवर्स." मास्तर खूश झाले. म्हणाले, आता वस्तू हातोहात फिरवा, ज्याच्या हातात येईल त्यानं सांगायचं, ही कुणाची. मी एका हातातून दुसऱ्या हातात जायला लागले. सिंधु जवळ येत होती. तिनं दोन्ही हात पुढं केले. माझ्या काठापासून तिची बोटं वीतभर राहिली असतील.

पंचफुलानं झटकन उठून मला मागं घेतलं. "मास्तर, हिच्या हातात न्हाई द्यायची. आई रागवंल."

मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. ते वाईट नव्हते, मारताना जात बघत नव्हते. पण त्यांनाही पाणी शेषेरावांच्याच विहिरीचं होतं. "बरं," ते म्हणाले. "सिंधु, तू लांबूनच सांग. हूज बिंदगी इज धिस?"

सिंधुचे हात अजून तसेच पुढं होते. मला वाटलं, आता बोलेल. सांग गं पोरी, मी मनात म्हणत होते, माझ्या अंगावर लिहिलेलं आहे, नुसतं वाच. तिनं हात खाली घेतले. वाड्यातली सगळी मडकी तिच्या डोळ्यांपुढं उभी असतील.

"इट इज हर्स," ती म्हणाली.

"शाब्बास," मास्तर म्हणाले. "बघा, एस विसरली न्हाई. वर्गात एकटी बिनचूक हिचंच."

इंग्रजी बरोबर होतं, मित्रांनो. तेवढंच बरोबर होतं.

सिंधुचा चेहरा पंचफुलानं बघितला होता. घरी जाताना तिनं ओढ्याच्या कडेला थांबून मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि ओढणीच्या टोकानं अक्षरं पुसून वाचली. आईला न सांगता तिनं बापाला सांगितलं. वाटतं, परत देऊन टाकूया असंच सांगायला ती गेली होती, कारण ती म्हणाली, "दादा, ही सिंधुच्या बाबाची हाय. आपली न्हाई." शेषेरावांनी मला तिच्या हातातून घेऊन अक्षरं वाचली. मग म्हणाले, "आईला बोलू नको. कुणालाच न्हाई." आणि मला घेऊन गोठ्यात आले.

त्यांनी कानस काढली. नांगराचा फाळ घासायची ती कानस. मला गुडघ्यांत दाबून धरलं आणि नावावर घासायला सुरुवात केली. पितळेची भुकटी त्यांच्या धोतरावर पडत होती. आधी सटवाजी गेला, मग भीमा. मी कण्हले असेन, पण भांड्याचा आवाज तो, माणसाला नुसता खरखर ऐकू येतो. त्यांचेही डोळे भरले होते का, ते मला सांगता येणार नाही. घाम होता की काय होतं.

आता तर मी बिननावाची झाले होते. मग घरात ठेवायला हरकत नव्हती ना? पण त्यांनी केवळाबाईंना हाक मारून सांगितलं, "हिला बारीक चीर गेलीय. गोठ्यात राहू दे, जनावरांच्या पाण्याला." नाव गेलं, पण बाट राहिलीच.

पुढची वर्षं गोठ्यातली. पाऊस आला, दुष्काळ सरला, गावात हातपंप बसला. पंचफुलाचं लग्न होऊन ती मुखेडला गेली. घराघरांत प्लास्टिकच्या घागरी आल्या. आणि धुरपताबाई याच गोठ्यात शेणगोठा करायला लागली. गोठ्यात विटाळ नसतो. पहिल्या दिवशी तिनं मला उचललं, काठाच्या पोच्यावर अंगठा ठेवला, मग पोटावरून हात फिरवला. खरवडलेल्या जागेवर तिचा हात थांबला. तिला वाचता येत नव्हतं, पण नाव गेलेलं तिला कळलं. ती माझ्यात पाणी भरून म्हशीपुढं ठेवायची आणि कुणी नसलं की माझ्याशी बोलायची. "सिंधु उदगीरला बोर्डिंगात हाय. पास झाली. इंग्रजीत लई मार्क हायेत." कधी मला घरी न्यायची भाषा तिनं केली नाही. चोरी म्हणाले असते.

मग ब्याऐंशी साल आलं आणि आमचा भाग उस्मानाबादेतून तुटून लातूर जिल्हा नवा झाला. नवी कचेरी, नव्या जागा. सिंधुला तिथं नोकरी लागली, हे धुरपताबाईनं मला सांगितलं तेव्हा ती खोकत होती. खोकला थांबला नाही. काही दिवसांनी ती यायचीच थांबली.

एका सकाळी सिंधु गोठ्याच्या दारात उभी राहिली. इस्त्रीची साडी, पायात चप्पल, खांद्याला पिशवी. शेषेराव बाजेवर बसले होते, केवळाबाई धार काढत होत्या.

"काकू," ती म्हणाली, "आई शेवटच्या घटका मोजायलीय. सारखं बिंदगी, बिंदगी म्हणती. ती न्यायला आले. आमची हाय."

केवळाबाईंना आश्चर्य वाटलं. "तुमची? अगं, विहिरीत पडलेली आमची बिंदगी ती. तुमची असती तर तुमचं नाव असतं की. नाव कुठं हाय?"

सिंधुनं मला उचललं. इतक्या वर्षांनी तिचे हात माझ्या अंगाला लागले. तिनं मला फिरवलं आणि त्या जागेवर बोट ठेवलं. "हितं हुतं. बाबाचं. मी वाचलंय."

केवळाबाई उठल्या. त्यांनी खरवडलेली जागा बघितली, कानशीचे ओरखडे बघितले. मग हळूच नवऱ्याकडं बघितलं. शेषेराव जमिनीकडं बघत होते. मला वाटतं, केवळाबाईंना त्या क्षणी सगळं समजलं. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "घिऊन जा, पोरी. जुनीच हाय, मोडीतच जायची हुती. मी दिली म्हण."

"दिलेली नको," सिंधु म्हणाली. "तुज्या बापाची हाय, ने, एवढं म्हणा. लगीच नेते."

केवळाबाईंनी परत नवऱ्याकडं बघितलं. म्हशीनं कान हलवले. सिंधु शेषेरावांकडं बघत राहिली. "मालक, तुमी म्हणा. तुमाला वाचता येतंय."

शेषेरावांनी तंबाखू थुंकली. "जनावरांच्या पाण्याची येळ झाली," ते म्हणाले.

तेव्हा मला सिंधुचा राग आला, मित्रांनो. ने गं, असं मला ओरडावंसं वाटलं. आई तिकडं तहानलेली आहे, काय करायचंय कुणी काय म्हटलं त्याचं? तिनं मला छातीशी धरलं होतं. तिचं काळीज धडधडत होतं, ते माझ्या रिकाम्या पोटात घुमत होतं. एकदा ती दाराकडं वळलीसुद्धा. मग थांबली. वर्गात एकदा ती लांबून बोलली होती, आज पुन्हा तेच, बिंदगी त्यांचीच, तिच्या तोंडून वदवून घ्यायचं चाललं होतं. तिनं मला खाली ठेवलं, आदळलं नाही, नीट सरळ ठेवलं आणि निघून गेली.

धुरपताबाई दुसऱ्या दिवशी गेली. स्टीलच्या पेल्यानं पाणी पाजलं म्हणतात. तिनं तोंड फिरवलं की प्यायली, ते मला कळलं नाही.

केवळाबाईंनी त्यानंतर मला गुरांपुढं ठेवलं नाही. परतही केलं नाही. खुंटीला पालथं टांगलं, मी अजून तशीच. अधूनमधून येऊन धूळ पुसतात आणि जातात.

मित्रांनो, भांडी जपा, घासून पुसून ठेवा, असं सांगण्याची आमची रीत आहे. मी तसं सांगणार नाही. मला इथं रोज कुणी लखलखीत घासलं तरी मी ज्याची आहे त्याची होणार नाही. कधी आमच्या गावाकडं आलात तर गोठ्यात शिरा आणि मला खुंटीवरून खाली काढा. पोटावर हात फिरवा, खरखरीत जागा सापडेल. तिथं कुणाचं नाव होतं ते आता तुम्हाला ठाऊक आहे. शेषेरावांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते एकदा म्हणा.